गंजाचा हात

सातपूरला टूलरूममध्ये लागलो, त्याच्या तिसऱ्या आठवड्यात
निकुंभ मास्तरांनी माझा तळवा उताणा करून पाहिला,
ज्योतिषी पाहतो तसा. पण रेषा नाही, घाम.
म्हणाले, तुझ्या हाताला गंज आहे, पोरा.
असतो काहींच्या. स्लिप गेजला बोट लावायचं नाही.

तेव्हापासून मोजमापाच्या खोलीबाहेर उभं राहून
आतल्यांना आकडे विचारत नोकरी काढली.
चौतीस वर्षं.

आता पवननगरला, घराच्या मागे,
जिन्याखाली, साडेसहा बाय चार.
एक भिंत शेजारच्या न्हाणीला लागून.
खैरनारांकडे अंघोळी झाल्या की माझ्या भिंतीला कळतं.
श्रावणात तिच्यावर नकाशे उमटतात,
आणि बातमी येते, धरणातून पाणी सोडलं,
गंगेला पूर, दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी.
मारुती दगडाचा. त्याचं ठीक आहे.
माझ्याकडे लोखंड.

तर मी काय करतो ते सांगतो, कुणी विचारलं नसलं तरी.
पटाशा भिंतीपासून वीतभर लांब, फळीवर.
चामड्याच्या पिशवीत कधीच नाही, चामडं ओल धरतं.
करवतीला मेण, मेणबत्तीचं चालतं.
कानशीला तेल लावायचं नसतं, घसरते,
तिच्या दातांत खडू घासायचा.
व्हर्नियर जुन्या बनियनच्या तुकड्यात,
तुकडा आधी मशीन ऑइलमध्ये बुडवून घट्ट पिळलेला.
कपाटात पंधरा वॉटचा दिवा, रात्रभर.
देवापुढे एवढा वेळ नसतो जळत, कुमुद म्हणते.
तोही हल्ली मिळत नाही. एलईडी आहेत, तापत नाहीत.
नुसता उजेड घेऊन मी काय करू?

खडू तीच आणायची. मनपाच्या शाळेत बत्तीस वर्षं,
पर्समध्ये दिवसाचे उरलेले तुकडे,
बहुतेक पांढरे, एखाद्या शनिवारी गुलाबी.
पान्यांच्या खोक्यात टाकले की दमट हवा पितात,
उन्हात टाकले की पुन्हा तहानलेले.
ती निवृत्त झाली तेव्हा दोन डबे भरून निघाले.

भाद्रपदात मागचं दार फुगतं.
दर वर्षी. खांदा लावावा लागतो.
रविवारी रंधा मारतो, रविवारी मारतो म्हणत
गणपती बसले, उठले.
मग एका सकाळी दार लागलं, आवाज न करता.
मला वाटलं, हवा बदलली.

पितृपक्षात रंधा काढला.
त्याच्या कुशीवर अंगठा.
गंजाचा, तांबूस, चक्रासकट स्पष्ट.
माझाच, म्हणून बराच वेळ स्वतःला शिव्या दिल्या.
पण माझ्या अंगठ्यावर आडवा व्रण आहे, लेथचा.
तो ह्यात नव्हता.
शिवाय रंधा धरून पाहिला, तर अंगठा तिथे पडायला
हात डावा लागतो.
आमच्या घरात डावखुरं एकच.

चहाच्या वेळी विचारलं.
ओटा पुसता पुसता म्हणाली, दार घासत होतं.
सुताराची मुलगी आहे मी. बैठकीत सांगितलं होतं तुम्हाला.
पुसून ठेवायचा ना मग, मी म्हणालो.
दुसरं काही सुचेना.
गंज तुमच्याच हाताला आहे, ती म्हणाली,
असंच ऐकत आले ना इतकी वर्षं.

शून्य नंबरचा पेपर, डिझेलचे दोन थेंब.
ठसा गेला. जायलाच हवा,
ठेवला तर आत उतरतो, खड्डा पाडतो.

माझं तेलाचं फडकं उजवीकडे, खिळ्याला.
दुसऱ्या दिवशी भांडीबाजारात गेलो,
तीन दुकानं फिरून एक खिळा आणला,
डावीकडे बसवला, नवं फडकं अडकवलं,
तेल मात्र तिचं तिलाच लावू दिलं.
डावीकडची भिंत खैरनारांची.
म्हणून खिळा पितळी.